नाव खंडव्याचे, खासदार बऱ्हाणपूरचा : लोकसभेतील आपल्या जागेची वाटचाल

लोकसभेच्या मतदारसंघांच्या यादीत बऱ्हाणपूर हे नाव आजवर एकदाही आलेले नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपला मतदारसंघ निमाड म्हणून ओळखला गेला, १९५७ मध्ये त्या नावाला खंडवा जोडले गेले आणि १९६२ पासून नुसते खंडवा एवढेच उरले. तरीही या जागेवरून दिल्लीला गेलेल्यांची नावे क्रमाने वाचली, तर १९७७ नंतरची बहुतेक वर्षे ही जागा बऱ्हाणपूरच्याच माणसाकडे होती, असे दिसते. परमानंद गोविंदजीवाला, ठाकूर शिवकुमारसिंह, महेंद्रकुमारसिंह, नंदकुमारसिंह चौहान आणि आज ज्ञानेश्वर पाटील. शहरातल्या शाळा, वाचनालये, व्यायामशाळा, सहकारी संस्था यांचे इतिहास आपण आवर्जून लिहितो. लोकसभेची जागाही गावाने पिढ्यान्‌पिढ्या राबवलेली एक संस्थाच आहे. तिचा इतिहास लिहायचा मात्र राहून गेला. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो एकत्र मांडत आहे.

मोगल काळात खानदेश सुभ्याची राजधानी असलेले हे शहर पुढे शिंद्यांकडे होते. १८६० च्या सुमारास ते इंग्रजांकडे गेले आणि मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात सामील झाले. १८६७ मध्ये इथे नगरपालिका आली. लोकांनी आपला माणूस निवडून द्यायचा, ही गोष्ट बऱ्हाणपूरकर आधी या नगरपालिकेत शिकले. प्रांतिक कायदेमंडळ नागपूरला भरायचे. मतदानाचा हक्क सरसकट नव्हता. सारा, घरपट्टी किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी लागायचे. मागावर राबणारा विणकर, शेतावरचा सालदार, सातपुड्यातला कोरकू यांच्यापर्यंत हा हक्क पोचलाच नव्हता.

घटना समितीत निमाडचा आवाज होता तो खंडव्याचे वकील भगवंतराव मंडलोई यांचा. अण्णाभाऊ हे त्यांच्या वडिलांचे नाव, त्यामुळे घटना समितीच्या कामकाजात ते ‘बी. ए. मंडलोई’ म्हणून भेटतात. १९५७ च्या जानेवारीत, रविशंकर शुक्ल यांच्या निधनानंतर, त्यांनी थोडे दिवस मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सांभाळले आणि पुढे १९६२-६३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. देशाची घटना लिहिणाऱ्या सभागृहात आपल्या जिल्ह्याचा माणूस बसला होता, हे आज खंडवा-बऱ्हाणपूरच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? शाळाशाळांतून हे सांगितले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. काँग्रेसच्या पेटीवर बैलजोडी. मतदार पडद्याआड जायचा आणि हातातली मतपत्रिका हव्या त्या पेटीत सोडायचा. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही बैल ओळखता येत होते. नागपूरच्या कायदेमंडळासाठी ज्या माणसाला कधी कोणी विचारले नव्हते, तो आता गावच्या पाटलाइतक्याच मोलाचे मत देत होता. निमाडमधून काँग्रेसचे बाबूलाल तिवारी निवडून आले आणि १३ मे १९५२ रोजी लोकसभेची पहिली बैठक भरली. १९५७ मध्येही तिवारीच निवडून आले. १९६२ मध्ये महेशदत्त मिश्र, १९६७ आणि १९७१ मध्ये गंगाचरण दीक्षित, असे काँग्रेसचेच खासदार होत राहिले.

१९५२ आणि १९५७ या दोन निवडणुकांच्या मधे बऱ्हाणपूरच्या मराठी माणसाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी घटना घडली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. तोवर आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. भुसावळला गाडी बदलायची की थेट मराठी मुलखातून राजधानी गाठता यायची. कचेरीत, बाजारात, विधिमंडळाच्या आवारात मराठी चालायची. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूर त्यांच्याबरोबर गेले आणि बऱ्हाणपूर तहसील मध्य प्रदेशातच राहिली. राजधानी भोपाळ झाली. तापीच्या काठाने खाली गेले की रावेर, सावदा, फैजपूर. तीच काळी जमीन, तीच केळी, घराघरांतली तीच बोली आणि तीच सोयरीक. पण मधून राज्याची सीमा गेली. एका खोऱ्याचे प्रश्न तेव्हापासून दोन राज्यांत वाटले गेले आणि लोकसभेतही दोन वेगळ्या जागांवरून मांडले जाऊ लागले.

राज्याच्या एकूण जागांचा हिशोबही इथेच नोंदवतो. १९५२ च्या जुन्या मध्य प्रदेशातून लोकसभेवर २९ जण जात. पुनर्रचनेनंतर १९५७ मध्ये ही संख्या ३६ झाली, १९६७ मध्ये ३७ आणि १९७७ मध्ये ४०. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, ११ जागा तिकडे गेल्या आणि मध्य प्रदेशकडे पुन्हा २९ उरल्या. राज्यसभेच्या १६ पैकी ५ जागा छत्तीसगडला गेल्या, ११ आपल्याकडे राहिल्या. नकाशा पार बदलला, तरी लोकसभेचा आकडा फिरून पहिल्या जागी आला.

१९७७ ची निवडणूक आणीबाणीनंतरची. मध्य प्रदेशातल्या ४० जागांपैकी काँग्रेसच्या हाती एकटे छिंदवाडा राहिले. खंडव्याच्या जागेवर जनता पक्षाचे परमानंद गोविंदजीवाला निवडून आले. बऱ्हाणपूरच्या सभागृहाला आज त्यांचेच नाव आहे. नाटक, सत्कार, व्याख्यान, गावात काहीही मोठे असले की पत्ता तोच सांगितला जातो. पुढे ही जागा रिकामी झाली आणि १९७९ मध्ये पोटनिवडणूक लागली. तीत कुशाभाऊ ठाकरे निवडून आले.

कुशाभाऊंबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. धारच्या मराठी घरात १५ ऑगस्ट १९२२ ला त्यांचा जन्म झाला. संघाचे प्रचारक म्हणून आणि नंतर जनसंघाचे संघटक म्हणून त्यांनी मध्य प्रदेश पायाखाली घातला. पुढे १९९८ ते २००० या काळात ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. इतक्या मोठ्या संघटकाची खासदारकी मात्र जेमतेम काही महिन्यांची ठरली, कारण २२ ऑगस्ट १९७९ ला लोकसभाच विसर्जित झाली. ती खासदारकी त्यांना दिली या जागेने. मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाने हिंदी मुलखात राजकारण कसे केले, याचा अभ्यास कोणाला करायचा असेल तर कुशाभाऊंपासून सुरुवात करावी लागेल. भाषेच्या नावाने त्यांनी कधी मत मागितले नाही. कार्यकर्त्याच्या घरी जेवायचे, त्याच्या बोलीत बोलायचे आणि पुढच्या गावाची गाडी धरायची, ही त्यांची रीत.

१९८० मध्ये जागा पुन्हा काँग्रेसकडे आली, आणि बऱ्हाणपूरकडेही. ठाकूर शिवकुमारसिंह खासदार झाले. बऱ्हाणपूर त्यांना संसदेतल्या कामापेक्षा सहकारी साखर कारखान्यामुळे जास्त ओळखते. वडील नवलसिंह यांच्या नावाने झिरीजवळ उभा राहिलेला हा कारखाना म्हणजे शेजारच्या महाराष्ट्रातल्या सहकाराचे वारे सीमा ओलांडून इकडे आल्याची खूण. उसाची नोंदणी, तोडणीच्या टोळ्या, सभासदांची वार्षिक सभा हे सगळे शब्द आपल्याकडे रूढ झाले ते त्यातूनच. १९८४ च्या लाटेत काँग्रेसने राज्यातल्या ४० च्या ४० जागा जिंकल्या. इथे कालीचरण सकरगाये निवडून आले. १९८९ मध्ये भाजपचे अमृतलाल तारवाला, १९९१ मध्ये काँग्रेसचे महेंद्रकुमारसिंह. महेंद्रकुमारसिंह हे शिवकुमारसिंहांचे भाऊ. याच घरातले सुरेंद्रसिंह ऊर्फ शेराभय्या २०१८ मध्ये अपक्ष म्हणून बऱ्हाणपूरचे आमदार झाले.

१९९६ मध्ये शहापूरचे नंदकुमारसिंह चौहान पहिल्यांदा लोकसभेवर गेले आणि पुढची पंचवीस वर्षे या जागेचा इतिहास बहुतांशी त्यांचाच आहे. १९९६, १९९८, १९९९, २००४, मग २०१४ आणि २०१९ असे सहा वेळा ते निवडून आले. शहापूरच्या नगरपालिकेचे अध्यक्ष, आमदार, खासदार आणि २०१४ ते २०१८ या काळात भाजपचे प्रदेशाध्यक्ष, असा हा एकेक पायरीने झालेला प्रवास. पण अख्ख्या जिल्ह्यात त्यांना कोणी खासदारसाहेब म्हणून हाक मारल्याचे ऐकिवात नाही. ते सगळ्यांचे नंदूभैय्या होते. शहापूर हे मराठी वस्तीचे मोठे गाव. घरी राजपूत वळणाची बोली असली, तरी बाजारात, केळीच्या मळ्यात, लग्नाच्या मांडवात ते सहज मराठी बोलत, आणि निवडणुकीच्या सभेत हिंदीत सुरू झालेले भाषण समोरची माणसे बघून मराठीकडे वळे.

खासदाराचे काम कायदे करण्याचे, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचायला मिळते. बऱ्हाणपुरात खासदाराच्या दारात सकाळी उभा असलेला माणूस वेगळ्याच कामाला आलेला असतो. मुलीचे हृदयाचे ऑपरेशन आहे, पंतप्रधान सहायता निधीसाठी पत्र हवे. दिल्लीला किंवा मुंबईला तपासणीला जायचे आहे, तिकीट वेटिंगवर आहे, कोट्यातून बर्थ मिळावा म्हणून लेटरहेडवर शिफारस हवी. पीएनआर नंबर मोबाइलवरून वाचून दाखवायचा आणि शिक्का पडेपर्यंत तिथेच थांबायचे. केंद्रीय विद्यालयातला खासदारांचा प्रवेश-कोटा २०२२ मध्ये रद्द होईपर्यंत एप्रिल महिन्यात या गर्दीत पालकांची भर असायची. अमुक एक्सप्रेस बऱ्हाणपूरला थांबावी हे निवेदन तर बारमाही. नंदूभैय्यांनी या दारातल्या कामाला कधी कमी लेखले नाही. त्यांचे विरोधकही ही गोष्ट मान्य करतात, आणि सहा विजयांचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

२००९ मध्ये मात्र काँग्रेसचे अरुण यादव यांनी त्यांना सुमारे ४९ हजार मतांनी हरवले. यादव खरगोन भागातले. ते केंद्रात राज्यमंत्री झाले आणि अवजड उद्योग खाते काही काळ त्यांच्याकडे होते. आपल्या दृष्टीने हे खाते महत्त्वाचे, कारण नेपानगरची नेपा मिल त्याच मंत्रालयाखाली येते. देशातला वृत्तपत्राचा कागद देशातच तयार व्हावा म्हणून उभारलेला हा कारखाना २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. कारखान्याभोवती गाव वसले, गावावरून विधानसभेचा मतदारसंघ ओळखला जाऊ लागला. परदेशी कागद स्वस्त पडू लागला, यंत्रे जुनी झाली आणि मिल वर्षानुवर्षे तोट्यात गेली. कामगारांचे थकलेले पगार आणि मिलचे पुनरुज्जीवन हा विषय इथल्या प्रत्येक खासदाराने, पक्ष कोणताही असो, दिल्लीत नेला. अखेर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ४६९ कोटींचे पॅकेज मंजूर केले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मिल नव्याने सुरू झाली. ती सुरू झालेली पाहायला नंदूभैय्या राहिले नव्हते. २ मार्च २०२१ रोजी कोरोनाच्या आजारात गुरुग्रामच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी ३० ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक झाली. बऱ्हाणपूरचे ज्ञानेश्वर पाटील भाजपकडून ८२ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. १३ मे २०२४ रोजी पुन्हा मतदान झाले आणि पाटलांचे मताधिक्य २ लाख ६९ हजारांवर गेले. त्या वर्षी राज्यातल्या सर्व २९ जागा भाजपला मिळाल्या. कुशाभाऊंच्या त्या काही महिन्यांनंतर या जागेवर पुन्हा एक मराठी नाव लागले, तेही तापीकाठचे. मराठी घरांतून याचा आनंद झाला आणि तो रास्त होता.

मतदारसंघाचा नकाशा समजून घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. आज यात आठ विधानसभा क्षेत्रे आहेत : बागली, मांधाता, खंडवा, पंधाना, नेपानगर, बऱ्हाणपूर, भीकनगाव आणि बडवाह. जिल्हे चार : देवास, खंडवा, बऱ्हाणपूर, खरगोन. बऱ्हाणपूरहून खंडव्याला निघाले की असीरगडाच्या पायथ्याशी सातपुडा ओलांडावा लागतो. गडाच्या अलीकडचे पाणी तापीला जाते, पलीकडचे नर्मदेकडे. ओंकारेश्वर आणि इंदिरासागर धरण पलीकडच्या बाजूला. बागली तर नर्मदाही ओलांडून माळव्याच्या कडेला. २००४ मध्ये धरणात बुडालेले हरसूद तेव्हा याच लोकसभा क्षेत्रात होते. २००८ च्या फेररचनेत ते बैतूलला जोडले गेले. उमेदवारी अर्ज भरायचा तो खंडव्याच्या कलेक्टर ऑफिसात. या सगळ्यात तापीच्या बाजूला विधानसभेची क्षेत्रे फक्त दोन. खासदार बऱ्हाणपूरचा असला तरी त्याला मते मागायची असतात ती मुख्यतः नर्मदेच्या बाजूला.

त्याच फेररचनेने आपले आणखी एक नुकसान केले, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही. पूर्वी आपल्या भागात बऱ्हाणपूर, नेपानगर आणि शहापूर अशी तीन विधानसभा क्षेत्रे होती. १५ ऑगस्ट २००३ ला बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाल्यावर आवाज वाढेल असे लोकांना वाटले होते. पाच वर्षांत शहापूरचे क्षेत्र मोडले आणि जिल्ह्याचे आमदार तिनाचे दोन झाले. एक गोष्ट मात्र चांगली झाली : नेपानगर अनुसूचित जमातींसाठी राखीव झाले. कोरकू, बारेला, भिलाला या डोंगरातल्या माणसांचा प्रतिनिधी तिथून जाऊ लागला. राजेंद्र दादू, त्यांच्या अपघाती निधनानंतर २०१६ च्या पोटनिवडणुकीत त्यांची कन्या मंजू दादू, मग सुमित्रादेवी कासडेकर आणि २०२३ मध्ये पुन्हा मंजू दादू, असा तो क्रम आहे.

विधानसभेत आपल्या भागाने मोठी माणसे दिली. नेपानगरचे ब्रिजमोहन मिश्र १९९० ते १९९३ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांची कन्या अर्चना चिटणीस आधी नेपानगरच्या आणि नंतर बऱ्हाणपूरच्या आमदार झाल्या, राज्यात मंत्रीही झाल्या. लोकसभेच्या या जागेवर मात्र आजवर एकही स्त्री निवडून आलेली नाही. यंत्रमागावर सूत धरणाऱ्या विणकरांची, मुस्लिम मोहल्ल्यांची एवढी मोठी वस्ती शहरात असताना त्या समाजातलाही कोणी इथून लोकसभेत गेला नाही. सीमेपलीकडच्या रावेर मतदारसंघाने २०१४ पासून सलग तीनदा रक्षा खडसे यांना पाठवले. २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली. जनगणना आणि त्यानंतरची फेररचना झाली की ती अमलात येईल. त्या फेररचनेत तापीच्या बाजूचे वजन किती राहील, शहापूरचे क्षेत्र पुन्हा मिळेल का, हे आपण आत्तापासून मांडले नाही तर नंतर हरकतींच्या मुदतीत धावपळ करून काही हाती लागणार नाही.

आणि शेवटी पाणी. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याने सातपुड्याचे भूजल शहरात आणले. त्याच शहराच्या आसपास केळीसाठी विहिरी, बोअर खोल खोल गेले. तापीचे पुराचे पाणी कालव्यांतून डोंगराच्या पायथ्याच्या मुरमाड पट्ट्यात सोडायचे आणि जमिनीत जिरवायचे, अशी तापी महापुनर्भरण योजना दोन्ही राज्यांच्या लोकप्रतिनिधींनी वर्षानुवर्षे लावून धरली. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तिचा करार झाला. ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी ११.७६ मध्य प्रदेशाच्या आणि १९.३७ महाराष्ट्राच्या वाट्याला. १९५६ मध्ये दोन राज्यांत वाटले गेलेले खोरे निदान या एका कागदावर पुन्हा एकत्र आले आहे. केळीच्या विम्याचा प्रश्न अजून तसाच आहे. रावेरच्या शेतकऱ्याला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो, तसाच इकडे लागू व्हावा ही बऱ्हाणपूरच्या केळीवाल्यांची जुनी मागणी आहे. वादळात आडवी झालेली बाग बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते, भरपाई मात्र राज्य बघून मिळते. पाण्याचा निधी आणि केळीचा विमा, हे दोन्ही विषय आता खंडवा आणि रावेर या दोन जागांवरच्या खासदारांनी संसदेत बरोबरीने लावून धरायचे आहेत.